अर्ध्यावरचा झेंडा

कलमकाकांनी एकतीस वर्षांत चार हजारांवर जहाजांवर पाय ठेवला आणि नऊ मैलांपलीकडे ते कधी गेले नाहीत. गल्लीतल्या पोरांना हे खरं वाटायचं नाही. "काका, बर्फाचा डोंगर पाहिलात का? देवमासा तरी?" काका म्हणायचे, "अठरा बोये पाहिलेत. रोज पाहतो. सांगू त्यांच्याबद्दल?" पोरं पळून जायची.

पायलट म्हटलं की हल्ली विमान डोळ्यांपुढे येतं. तेव्हा विमानं नव्हती. बंदरातल्या पायलटाचं काम एवढंच, की आलेलं जहाज खाडीच्या तोंडापासून धक्क्यापर्यंत आणायचं, निघालेलं जहाज धक्क्यापासून शेवटच्या बोयापर्यंत, म्हणजे वाटेची खूण करणाऱ्या तरंगत्या पिंपापर्यंत, पोचवायचं, दोरीच्या शिडीवरून होडीत उतरायचं आणि घरी जेवायला यायचं. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेल्या कप्तानाला या नऊ मैलांतलं ओ की ठो कळत नसे. कारण खाडीचा तळ गाळाचा, आणि गाळ कुणाच्या बापाचा नोकर नव्हे. आज इथे, पुढच्या महिन्यात तिथे.

बंदर चालवणारं सरकार परकं होतं आणि त्याला नियमांचा भारी सोस. पायलटांसाठी निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं, त्यात सत्तावन्न नियम. पायलटाने नशेत शिडी चढू नये. कप्तानाकडून भेटवस्तू घेऊ नये, मात्र फळं चालतील. जहाजाचा तळ गाळाला नुसता घासला तरी किनाऱ्यावर उतरल्यापासून चोवीस तासांत लेखी कळवावं. दुसऱ्यांदा जहाज रुतवलं तर परवाना कायमचा गेला. चूल पेटवण्यापुरतं सोडलं, तर सगळ्याला नियम होता.

काकांचे वडील दोरखंड वळणारे. घरात परकी भाषा कुणाच्या सात पिढ्यांत नव्हती. म्हणून परीक्षेच्या वेळी काकांनी सगळं पुस्तक शब्दकोश घेऊन आपल्या भाषेत एका वहीत उतरवलं आणि वही नव्या नवरीच्या हातात दिली. ती एका हाताने भांडं ढवळायची, दुसऱ्या हातात वही.

"नियम एकोणीस."

"जहाजावर चढताच पायलटाने आपला झेंडा चढवावा. झेंडा पायलटाचा. तो चढवणे, उतरवणे पायलटाच्याच हाताने..."

"आणि?"

"आणि काय?"

"पायलट मेला तर?"

"हां. पायलट जहाजावर मरण पावल्यास झेंड्यास कोणीही हात लावू नये. पुढील बंदरात अधिकाऱ्याने तो उतरवावा."

"मरायचाही नियम आहे. छान आहे तुमची नोकरी."

काका पास झाले. पण परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागे आणि त्याला तोंडी परीक्षा असे. बंदरसाहेब दर वर्षी तेच तीन प्रश्न विचारायचे, बाकीचे पायलट तेवढे तीन पाठ करून जायचे. काका मात्र दर वर्षी सत्तावन्नच्या सत्तावन्न म्हणायचे आणि बायको दर वर्षी वही धरायची. दहाव्या वर्षापासून तिला वही लागेनाशी झाली. काकांना हे कधी जाणवलं नाही. तिच्या हातात वही असे, आणि ती उलटी आहे का सुलटी हे बघायची त्यांना सवड नसे.

कलमकाका हे नाव त्यांना पायलटांनीच ठेवलं. उठता बसता कलम काढणारा माणूस. विडी मागितली तरी म्हणेल, शिडीपासून दहा हातांवर ओढा, नियम सात. माणूस वाईट नव्हता. त्याच्या शेजारी बसणं तेवढं वैताग होतं.

घरात तिसरं माणूस म्हणजे बायकोचा भाऊ, धाकटा. तो चार वर्षांचा असताना त्यांची आई गेली आणि बहिणीने त्याला लग्नात सोबत आणलं, सामानाबरोबर. काकांना स्वतःचं मूल झालं नाही. धाकटा त्यांच्याच घरात वाढला, त्यांच्याच मागे लागून पायलट झाला, आणि हात असा सफाईदार, की वयाच्या तिशीत त्याला मोठी जहाजं मिळायला लागली. पुस्तक त्याने उघडून पाहिलं असेल तर शपथ. तीन उत्तरं पाठ, काम झालं.

या धाकट्याने चार वर्षांपूर्वी कोपरावर जहाज रुतवलं. कोपर म्हणजे खाडीचं काटकोनी वळण, नऊ मैलांतली सगळ्यात वाईट जागा. तिथे बाहेरून लांब वळसा घ्यायचा असतो. धाकट्याने आतून कापलं, जहाज दोन भरत्या गाळात बसून राहिलं. त्याच्या मागून काकांचं जहाज येत होतं. चौकशीत साहेबांनी विचारलं, "तुम्ही काय पाहिलंत?" काकांनी पाहिलं ते सांगितलं. आतून कापलं. धाकट्याच्या नावावर पहिली नोंद लाल शाईने झाली.

"भाऊजी, 'नीट दिसलं नाही' एवढं म्हणता आलं नसतं?" धाकट्याने कार्यालयाच्या पायरीवरच विचारलं.

"नीट दिसलं होतं."

त्या दिवसापासून धाकटा धक्क्याजवळ खोली घेऊन राहिला आणि काकांशी बोलेनासा झाला. बायकोने कुणाचीच बाजू घेतली नाही. ती रविवारी डबा भरून भावाकडे जायची आणि परत येताना त्याचे बटण तुटलेले सदरे घेऊन यायची. काकांच्या समोर बसून बटणं लावायची. एक शब्द बोलायची नाही. चार वर्षं हे चाललं होतं, आणि बटणं जरा जास्तच तुटतात असं काकांना वाटायचं.

आता त्या दिवसाचं.

पहाटेच्या भरतीला काका एक मालवाहू जहाज घेऊन निघाले. वीस फूट पाणी मागणारं जहाज, कप्तान घाईचा. आधीच्या आठवड्यात वरच्या बाजूला पूर येऊन गेला होता. कोपराशी आल्यावर काकांनी शिस्तीत लांब वळसा घेतला, जिथून हजारदा घेतला होता तिथूनच. मधोमध आल्यावर त्यांच्या बुटांच्या तळव्यांना काहीतरी कळलं. धक्का नव्हता, आवाजही नव्हता. जहाज क्षणभर जड झालं, सुकाणूने एक हुंकार उशिरा दिला, आणि मागे पाण्यात तपकिरी ढग उठला. मग जहाज सुटलं आणि पुढे चाललं.

"तळ लागला," काका म्हणाले.

"कुणाला?" कप्तान म्हणाला.

"आपल्याला. इथे दीड फूट तरी गाळ चढलाय."

"मला काही कळलं नाही. पायलटसाहेब, सकाळी काही खाल्लंत का?"

कप्तानाला सगळं कळलं होतं. पण तळ लागला असं कबूल केलं की जहाज मागे फिरवा, गोदीत घाला, बूड तपासा, आठवडा गेला. काकांनाही त्यात नवल वाटलं नाही. होडीत उतरू, घरी जाण्याआधी कार्यालयात लेखी कळवू, असं त्यांनी ठरवलं. नियम सव्वीस.

खाडीच्या तोंडाशी उजव्या हाताला टेकडी, टेकडीवर पहाऱ्याची झोपडी आणि झेंडाकाठी. तिथला तांडेल दुर्बीण लावून बसलेला असे आणि पायलटाला घ्यायला होडी पाठवायचं काम त्याचं. जहाज टेकडीच्या नजरेत आलं तेव्हा काठीवर दोन काळे गोळे चढलेले होते. म्हणजे बाहेर लाटा मोठ्या आहेत, होडी येणार नाही, पायलटाने जहाजाबरोबर पुढच्या बंदराला जावं.

असं पाच-सहा वर्षांत कुणाच्या तरी वाट्याला यायचं. काकांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. पुढचं बंदर अकरा दिवसांवर होतं.

आणि तेवढ्यात त्यांना बाहेर नांगरलेलं जहाज दिसलं. मोठं, पोटभर लादलेलं. बावीस फूट तरी पाणी मागत असणार. दुपारनंतर लाटा बसल्या की ते संध्याकाळच्या भरतीला आत यायचं होतं. धक्क्यावरच्या पाटीवर काकांनी आदल्या दिवशीच पाहिलं होतं, पाळी कुणाची. धाकट्याची.

वीस फुटांचं घासून गेलं. बावीस फुटांचं तिथे रुतणार, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. आणि या वेळी धाकटा वळसा अगदी बरोबर घेणार होता. चार वर्षं तो कोपरावर पुस्तकातल्यासारखा वळसा घेत होता, काकांनी मागून कितीदा पाहिलं होतं. तो सगळं बरोबर करूनही त्याच्या नावावर दुसरी लाल नोंद पडणार होती, आणि परवाना कायमचा जाणार होता.

"कप्तान, मला टेकडीला एक निरोप द्यायचाय. निशाणं लावा."

"कसला निरोप?"

"कोपरावर पाणी कमी आहे."

"तुम्हाला कसं कळलं, असं विचारतील. मग काय सांगणार?" कप्तानाने दुर्बीण मिटली. "माझ्या काठीवर माझी निशाणं. तळ लागलेला नाही. काढून टाका डोक्यातून."

"मग नांगर टाका. एक भरती थांबा."

"या लाटांत? त्या जहाजासारखा दिवसभर हेलकावत बसू? वेड लागलंय का?"

जहाज कप्तानाचं. पायलट सल्ला देतो, हुकूम देत नाही. हाही नियमच, आणि तो काकांनीच दर वर्षी मोठ्याने म्हटला होता. शेवटचा बोया मैलभरावर राहिला होता. दहा मिनिटं, फार तर बारा.

त्या जहाजावर काकांची अशी एकच वस्तू होती. मागच्या काठीवर त्यांचा झेंडा, वरचा अर्धा पांढरा, खालचा लाल.

काकांच्या डोक्यात काय चाललं ते त्यांनी पुढे एकदाच सांगितलं, तेही बायकोने खोदून विचारल्यावर. पायलट गेला की त्याच्या मानासाठी एक भरती सगळं बंदर बंद, ही पायलटांची जुनी रीत. पुस्तकात नाही, पण साहेबांच्या बापाचीही ती मोडायची हिंमत नव्हती. आणि पुस्तकात होता तो नियम एक्केचाळीस. जहाज खाडीतून पायलटाविना गेलं असल्यास सगळे बोये आणि सगळ्या वाटेचं पाणी मोजून होईपर्यंत दुसरं जहाज सोडू नये. जहाज अजून खाडीत होतं. इथे पायलट मेलेला दिसला, तर तो कुठे मेला, धक्क्यापाशी, कोपरावर, का आत्ता, हे कुणाला सांगता येणार? मग मोजणं आलंच. मोजलं की कोपर सापडलाच.

अडचण एकच होती. नियम एकोणीसप्रमाणे मेलेल्या पायलटाच्या झेंड्याला कुणी हात लावायचा नसतो. म्हणजे झेंडा अर्ध्यावर दिसला, तर पुस्तक वाचणाऱ्याला कळायला हवं की उतरवणारा जिवंत आहे. पण पुस्तक वाचणारा त्या बंदरात एकच माणूस होता आणि तो या जहाजावर उभा होता.

आणि घरी? घरी तांडेल टोपी काढून दारात उभा राहील. ती भांडं चुलीवरून खाली ठेवेल.

काका मागच्या काठीपाशी गेले. दोरी सोडली, झेंडा अर्ध्यावर आणला आणि पक्की गाठ मारली.

कप्तान धावत आला. "हे काय? कोण मेलं?"

"पायलट," काका म्हणाले.

"वर घ्या तो! ताबडतोब!"

"झेंडा माझा आहे. हात लावलात तर पुढच्या बंदरात तक्रार करीन. तिथे मग बाकीचंही सांगावं लागेल."

कप्तानाने पुढे केलेला हात मागे घेतला. मग खाली जाता जाता म्हणाला, "मेलेल्या माणसाला जेवण लागत नाही, बरं का." पण जेवण पाठवलं. काकांना ते पोटात ठेवता आलं नाही. एकतीस वर्षं जहाजांवर काढलेल्या या माणसाला बोया मागे पडल्यावर अर्ध्या तासात समुद्र लागला. तीन दिवस ते बादली सोडून उठले नाहीत. खलाशांची करमणूक झाली. समुद्र कसा होता, असं नंतर पोरांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बादलीएवढा."

अकराव्या दिवशी जमीन लागली. काका धक्क्यावरून तडक तारघरात गेले आणि त्यांनी तार केली. जिवंत आहे, खोटी खूण मी केली, कोपरावर पाणी दीड फूट कमी, जहाजाचा तळ लागला, पायलट अमुक. किनाऱ्यावर उतरून एक तासही झाला नव्हता. मग ते बाकावर बसले आणि त्यांना बरं वाटलं.

परत यायला बारा दिवस. प्रवासी म्हणून. बंदराबाहेर जहाज थांबलं, होडी आली, शिडीवरून धाकटा वर आला. कठड्याशी उभ्या असलेल्या काकांकडे त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. चार वर्षांनी तोंड उघडलं.

"भुतं तिकीट काढून येतात होय, भाऊजी?"

"नियम बारा," काका म्हणाले. "कामावरच्या पायलटाने प्रवाशांशी बोलू नये."

"बरं," धाकटा म्हणाला आणि वर गेला.

कोपराशी बोया हललेला होता. चांगला दोनशे हात बाहेर. त्याच्या पलीकडून धाकट्याने संथ, लांब वळसा घेतला. तिथे त्याने मागे वळून काकांकडे पाहिलं. काकांनी हाताने खूण केली, पुढे बघ.

दार उघडंच होतं. बायको तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आलात?"

"आलो."

"हात-पाय धुवा."

काका तिथेच उभे राहिले. तेवीस दिवस त्यांनी जे वाक्य तयार केलं होतं ते आता सापडेना. "अगं, तुला फार... म्हणजे तांडेल आला असेल, तेव्हा..."

"आला होता. टोपी काढून रडायला लागला. मीच त्याला पाणी दिलं." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग विचारलं, झेंडा कुणी उतरवला."

काका खाली बसले.

"तो म्हणाला, काकू, कुणी म्हणजे काय, खलाशांनी उतरवला असेल. मी म्हटलं, बरं."

"म्हणजे तुला..."

"एकोणीस. वही मी धरत होते ना तीस वर्षं? का भिंत धरत होती?"

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? नवरा जिवंत आहे, उगाच झेंडा खाली केलाय? मग त्याच संध्याकाळी ते जहाज आत आलं असतं. कशासाठी मेलात ते मला ठाऊक नव्हतं. पण पाटीवर पाळी धाकट्याची होती, हे ठाऊक होतं. आणि तुम्ही कारणाशिवाय कलम मोडणाऱ्यातले नाही. म्हणून बसले गप्प. गल्लीतल्या बायका येऊन रडून जात होत्या, मी त्यांना चहा देत होते. माझ्याइतकी निर्लज्ज विधवा त्यांनी पाहिली नसेल."

काकांना हसू आलं. ते चुकलं. बायकोने सूप खाली ठेवलं.

"हसू नका. दोन दिवसांत पाणी मोजून झालं, कोपर सापडला, बोया हलवला. पुढच्या मोठ्या भरतीला धाकट्याने जहाज नीट आणलं. इथपर्यंत सगळं ठीक. मी दिवस मोजत होते. अकराव्या दिवशी तुम्ही किनाऱ्याला लागणार. अकरावा दिवस गेला. तार नाही. बारावा गेला. मग माझ्या मनात आलं, की खलाशांनी खरंच उतरवला असेल तर? त्यांना काय माहीत एकोणीस? पुस्तक तुम्ही वाचता, सगळं जग वाचत नाही. तेरावा दिवस मी कसा काढला ते मला विचारू नका. चौदाव्या दिवशी धाकटा धावत आला, ताई, कार्यालयात तार आहे."

"अकराव्यालाच केली होती. उतरल्या उतरल्या."

"कुणाला?"

"कार्यालयाला. नियम सव्वीस, चोवीस ता..."

"आणि मला?"

खरं सांगायचं तर त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कार्यालयाला कळवलं म्हणजे कळवलं. कार्यालय घरी कळवेल. कार्यालयात मात्र साहेब दौऱ्यावर होते, आणि हेडक्लार्कला प्रश्न पडला होता की ही तार कुठल्या वहीत नोंदवायची. पायलटांच्या आवक वहीत चालेना, कारण पाठवणाऱ्याचं नाव पायलटांच्या यादीत नव्हतं. ते त्याने स्वतःच खोडलं होतं. म्हणून त्याने तार तीन दिवस टाचणी लावून ठेवली.

"तुम्ही मेलात, ते मी समजून घेतलं," बायको म्हणाली. "जिवंत झालात, तेव्हा आधी हेडक्लार्कला सांगितलंत."

तिने फळीवरून जुनी वही काढून त्यांच्यापुढे टाकली, पेन्सिल दिली. "लिहा. नियम अठ्ठावन्न."

"सत्तावन्नच आहेत गं."

"लिहा म्हणते ना."

काकांनी लिहिलं. पायलट जिवंत असल्यास त्याने प्रथम घरी कळवावे. तिने वाचून पाहिलं, "प्रथम"खाली एक रेघ ओढली आणि मग पान वाढलं.

चौकशी आठवड्याने झाली. साहेब माणूस बरा होता आणि त्याला बावीस फुटांचं जहाज वाचल्याचा आनंद होता. खोट्या खुणेला शिक्षा एकच, परवाना रद्द. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. साहेबांनी समोरचा कागद सरळ केला आणि वाट दाखवली. "वारा जोरात होता. दोरी घसरली असेल. झेंडा आपोआप खाली आला असेल. असंच झालं ना?"

धाकटा मागे उभा होता.

"दोरी मी बांधली होती," काका म्हणाले. "मी दोरखंडवाल्याचा मुलगा. माझी गाठ घसरत नाही."

परवाना गेला. पायरीवर धाकटा म्हणाला, "भाऊजी, 'घसरली' एवढं म्हणता आलं नसतं?" मग स्वतःच म्हणाला, "नाही. तुम्हाला नसतंच आलं." त्या रविवारपासून तो डब्याची वाट न पाहता घरी जेवायला येऊ लागला. सदऱ्यांची बटणं तुटायची थांबली.

काकांनी मग नऊ वर्षं धक्क्यामागच्या गोदामात दोरखंड तपासायचं काम केलं. प्रत्येक दोर हातभर ओढून बघायचा, पीळ सैल वाटला की परत पाठवायचा. दोर परत पाठवण्यात त्यांनी कीर्ती मिळवली. नियमांची परीक्षा आता धाकट्याची व्हायची. ताई विचारायची, काका कोपऱ्यात बसून चुका काढायचे. सत्तावन्नच्या सत्तावन्न.

एका दुपारी गोदामातच, खुर्चीत बसल्या बसल्या, मांडीवर दोराचं टोक असताना काका गेले. या वेळी खरंच. त्यांना घरी आणलं, आणि तिकडे पायलटांच्या खोलीत वाद लागला. भरती बंद ठेवायची का? एक म्हणाला, परवाना रद्द झालेला माणूस, तो पायलट कसला? दुसरा म्हणाला, रद्द झाला तो कुणासाठी, ते विसरलास? तिसऱ्याने अडचण काढली, की एका पायलटाला एक भरती. या माणसासाठी आपण एकदा बंदर बंद ठेवलंय. दुसऱ्यांदा ठेवायचं असं कुठे आहे? पुस्तकात तर नाहीच, रीतीतही नाही. आता सगळ्यांत ज्येष्ठ धाकटा होता. निर्णय त्याचाच. बाहेर एक जहाज पायलटाची वाट बघत नांगरलेलं होतं, आणि पाणी चढत होतं.

शेवटी तो आणि म्हातारा झालेला तांडेल घरी आले. तांडेलाने टोपी काढली आणि दारातच रडायला लागला.

"ताई, तूच सांग," धाकटा म्हणाला.

तिने सगळं ऐकून घेतलं. "त्यांची भरती त्यांनी तेव्हाच घेतली," ती म्हणाली. "आता अडवू नका कुणाला. किती पाणी मागतंय जहाज?"

"एकवीस फूट."

"पाळी कुणाची?"

"माझीच."

"मग इथे काय बसलायस?"

तो उठला. दारापर्यंत गेला, तेव्हा तिने हाक मारली. पायलटांची खोली त्या दारातून दिसत असे, आणि तिच्या काठीवर धाकट्याचा झेंडा अर्ध्यावर होता.

"झेंडा कुणी उतरवला?"

"मी, ताई. माझ्या हाताने."

"बरं," ती म्हणाली. "जा आता. पाणी उतरेल."